देवघरातली कट्यार आणि तिच्यावरची चांदी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणेशोत्सवात शस्त्रांवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटले. पण ज्या बाप्पासमोर आपण बसलो आहोत त्याच्या हातात अंकुश आहे, परशू आहे. आपल्या कितीतरी घरी तो परशू चांदीचा असतो, आणि आपण तो मूर्तीच्या हातात दरवर्षी जपून बसवतो. तेव्हा हत्यार आणि चांदी यांचे नाते आपल्याला नवे नाही. आज मी ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहे त्याही याच नात्यातल्या आहेत. चांदीने मढवलेल्या कट्यारी, बिचवे, खंजीर आणि जंबिये, म्हणजे दसऱ्याला पाटावर येणारी आणि एरवी वर्षभर पेटीत किंवा देवघराच्या कोनाड्यात पडून राहणारी हत्यारे.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. शिक्षण यांत्रिकी डिप्लोमाचे आणि नोकरी राज्य शासनाची. त्यामुळे जुनी वस्तू हातात आली की ती कोणाची हे विचारण्याआधी ती जोडली कशी आहे याकडे माझे लक्ष जाते. म्हणून आज मी लढायांपेक्षा कारागिरीबद्दल जास्त बोलेन. ही हत्यारे आपण आज कशी सांभाळतो, हेही शेवटी सांगायचे आहे.

सुरुवात एका तलवारीपासून करू. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीज या लिलाव संस्थेने एक मराठा तलवार विक्रीला काढली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. ही तलवार नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची. पाते युरोपात घडलेले, म्हणून अशा तलवारीला फिरंग म्हणत. मूठ मात्र आपल्याकडची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर देवनागरीत, सोन्याच्या अक्षरांत नाव आहे : श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा.

लालबर्ऱ्यात बसून या तलवारीची बातमी वाचताना आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही. सेनासाहेब सुभा हा किताब रघूजींना छत्रपती शाहू महाराजांकडून मिळाला. देवगडच्या गोंड राज्याचा कारभार पुढे त्यांच्या हाती आला, बंगालवर त्यांच्या स्वाऱ्या झाल्या आणि १७५१ मध्ये ओडिशाचा मुलूख त्यांच्याकडे आला. कटकच्या स्वारीत मदत केली म्हणून पोवार मंडळींना वैनगंगेच्या पश्चिमेकडच्या पडीक आणि जंगली जमिनी मिळाल्या, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या ग्रंथांत आहे. आपण बसलो आहोत ती जागा त्याच पश्चिम काठाच्या बाजूची. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात गेले. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा आपण मध्य प्रदेशात राहिलो. सीमा अशा सरकत गेल्या, घरे मात्र जागच्या जागी राहिली आणि घरांतल्या पेट्याही.

त्या पेट्यांत काय काय सापडते ते आता पाहू.

सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे कट्यार. नागपूरचे नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकामुळे तर ती घरोघरी पोहोचली. दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये आडवी मूठ, आणि समोर त्रिकोणी पाते, अशी तिची घडण. मूठ आवळली की पाते मनगटाच्या आणि कोपराच्या सरळ रेषेत येते, त्यामुळे पूर्ण हाताचा जोर टोकावर जातो. पुष्कळ कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, कारण ते साखळीच्या चिलखतातून घुसवायचे असे.

दुसरा बिचवा. विंचवाच्या नांगीसारखे दोनदा वळलेले पाते आणि बोटांना आडोसा देणारी कडी असलेली मूठ. हे लहान हत्यार, कपड्यात सहज मावणारे. तिसरा खंजीर. याची मूठ बहुधा उत्तरेकडच्या दरबारी पद्धतीची, कधी हस्तिदंताची तर कधी संगेयशबाची. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीर आणि नूरजहान यांचे म्हणून दाखवले जाणारे खंजीर या प्रकारचे आहेत. चौथा जंबिया. वाकडे, रुंद, दुधारी पाते आणि पात्याच्या मधोमध उंच शीर. हा मूळ अरबांचा. तो आपल्या बाजूला कसा आला असे कोणी विचारले तर उत्तर नागपूरच्या इतिहासात आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि त्यानंतर डिसेंबर अखेरपर्यंत नागपूर शहर इंग्रजांपुढे अडवून धरले ते भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी. माणसे येतात तेव्हा कमरेची हत्यारेही त्यांच्याबरोबर येतात.

या हत्यारांचे पाते पोलादाचे. त्यातले उत्तम पोलाद मुशीत बनत असे. लोखंड आणि कोळशाचे द्रव्य बंद मुशीत एकत्र तापवायचे आणि फार हळू थंड होऊ द्यायचे. तेलंगणातले कोनसमुद्रम हे त्याचे एक नामांकित केंद्र. तिथला माल घ्यायला इराणचे व्यापारी येत. असे पोलाद ठोकून पाते केले आणि त्यावर सौम्य आम्ल फिरवले की पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. ती वरून काढलेली नसते, पोलादाच्या पोटातलीच असते, पण डोळ्यांना दिसते ती फक्त वरच्या पातळ थरात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता चांदी. चांदीच का? एक तर ती लोखंडासारखी गंजत नाही. दुसरे, ती मऊ, म्हणजे तार ओढली तर केसासारखी निघते आणि पत्रा ठोकला तर वाकतो, फाटत नाही. तिसरे, काळसर पोलादावर पांढरी चांदी जशी उठून दिसते तसे दुसरे काही दिसत नाही. कारागिरांनी या गुणांचा उपयोग मुख्यतः तीन तऱ्हांनी केला.

पहिली तऱ्हा कोफ्तगरी. पोलादाच्या मुठीवर बारीक छिन्नीने आडव्या, उभ्या, तिरप्या रेघा मारायच्या, इतक्या दाट की पृष्ठभाग कानशीसारखा खरबरीत व्हावा. मग मूठ तापवायची, चांदीची तार चिमट्याने वेलबुट्टीच्या आकारात ठेवत जायची आणि हलक्या हातोडीने ठोकायची. तार त्या खरबरीत दातांत अडकून बसते. शेवटी अकीकाच्या दगडाने घासून झिलई द्यायची. इथे डिंक नाही आणि डागही नाही. चांदी नुसत्या पकडीवर बसलेली असते. सियालकोट, जयपूर, अलवर, उदयपूर ही या कामाची नावाजलेली ठिकाणे.

दुसरी तऱ्हा तहनिशान. यात पोलादात खोल चर खोदतात. चराचे तोंड अरुंद आणि पोट किंचित रुंद ठेवतात. त्यात जाड तार ठोकून बसवली की ती आत पसरते आणि मग निघत नाही. सुताराच्या सांध्यात असते तशीच ही अडकण. हे काम जास्त वेळाचे आणि जास्त टिकाऊ. बिदरच्या काळ्या भांड्यांवर चांदीची फुले असतात ती याच जातीची कला. फक्त तिथे खालचा धातू पोलाद नसून जस्त आणि थोडे तांबे यांचे मिश्रण असते, आणि बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने ते काळे केलेले असते.

तिसरी तऱ्हा पत्र्याचे उठावकाम. म्यान मुळात लाकडाचे, वर मखमल किंवा चामडे. त्याच्या तोंडावरचा पत्रा म्हणजे मोहनाळ आणि टोकावरचा तो तहनाळ. हे पत्रे चांदीचे असतात. राळेच्या गादीवर पत्रा पालथा ठेवून मागून ठसे मारतात, म्हणजे पुढून फूल, पोपट, व्याळ उठून येतात. मग पत्रा उलटून पुढून बारीक रेषा काढतात. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून ती पुन्हा पुन्हा तावून मऊ करावी लागते. एका मोहनाळेला किती वेळा ताव दिला असेल ते कारागीरच जाणे. काही ठिकाणी पत्र्याऐवजी तारेची जाळी असते, तिला तारकशी म्हणतात. कटकची चांदीची तारकशी आजही प्रसिद्ध आहे आणि २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हे कटक १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. पाते मुठीत कसे बसवले असते? आपल्याकडच्या तलवारींत आणि पुष्कळ खंजिरांत पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत घालून लाख-राळेच्या मिश्रणाने धरवलेले असते. लाख गरम असताना ओततात, थंड झाली की ती दगडासारखी होते. कट्यारीत मात्र पाते थेट मुठीच्या चौकटीला रिबिटांनी ठोकलेले असते. लाखेचा सांधा शंभर-दीडशे वर्षे टिकतो, पण तापवला की सुटतो.

आता हिशोब करू. चांदीचा भाव किलोला लाखाच्या वर गेल्यापासून पुष्कळ घरी एक प्रश्न निघतो : त्या जुन्या हत्याराला चांदी आहे, ती मोडली तर काय येईल?

समजा कोफ्तगरीची मूठ आहे आणि तिचा नक्षीचा पृष्ठभाग दोनशे चौरस सेंटिमीटर आहे. हा अंदाज मी मुद्दाम सढळ धरतो. चांदीची जाडी मिलिमीटरचा विसावा भाग धरू. गुणाकार केला तर चांदी होते एक घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर चांदीचे वजन साडेदहा ग्रॅम, म्हणजे तोळाभर. लाखाच्या भावाने तिचे होतात एक हजार पन्नास रुपये. भाव दुप्पट झाला तरी एकवीसशे. तेही सगळी चांदी पोलादावरून सुटली तर, आणि सुटावी म्हणून मूठ जाळावी किंवा खरडावी लागते. म्यानाचे पत्रे जाड असतात, त्यांचे चार-पाच तोळे भरतील. एवढ्यासाठी आपण काय मोडतो? कोणा कारागिराची महिनोन्महिन्यांची मेहनत. नवा दागिना घेताना सोनार घडणावळ लावतो आणि आपण ती निमूट देतो. जुना मोडताना घडणावळ शून्य होते. सोनाराचा त्यात दोष नाही, त्याचा तराजू फक्त वजन जाणतो. वजनापलीकडचे जाणायचे काम आपले आहे.

वैनगंगेच्या अलीकडच्या एका गावी मला एक कट्यार पाहायला मिळाली. मुठीच्या दोन्ही पट्ट्यांवर चांदीची वेल, निम्मी झिजलेली. जिथे चांदी गेली होती तिथे भिंगातून छिन्नीच्या त्या दाट रेघा स्वच्छ दिसत होत्या. म्यान मात्र नुसते लाकडाचे, वरच्या मखमलीच्या चिंध्या झालेल्या, आणि तोंडाशी व टोकाशी लाकडाचा रंग वेगळा. मी घरच्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "तिथं चांदीचं होतं बापू. नणंदेच्या लग्नात मोडलं. वखतच तसा होता." त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप नव्हता आणि असायचे कारणही नाही. मुलीचे लग्न म्यानापेक्षा मोठे. पण मी पुढे विचारले की ही कट्यार कोणाची, तेव्हा त्यांनी आजेसासऱ्यांचे नाव सांगितले, ते कोणाच्या पदरी होते, कुठून इथे आले, हेही सांगितले. त्यांच्या मुलाला यातले अर्धे माहीत होते. नातवाला काहीच नाही. तो मोबाइलवर कट्यारीचा फोटो काढत होता. मनात आले, म्यानाची चांदी गेली ती लग्नाच्या कामी आली. हे नाव गेले तर कोणाच्याच कामी येणार नाही.

इथेच मला रघूजींच्या त्या तलवारीकडे परत यायचे आहे. ती लंडनमध्ये लिलावात आली तेव्हा ती कोणाची, हे कोणाला सांगत बसावे लागले नाही. नाव तिच्या अंगावर होते. उलट उदाहरण साताऱ्यात दिसले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयाला मिळाली होती. लाखो लोकांनी भक्तिभावाने दर्शन घेतले. पण ही अफझलखानाच्या वेळची तीच वाघनखे अशी खात्री देता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले आहे. वस्तू बोलत नाही. तिच्यावर किंवा तिच्याजवळ त्या काळी कोणी लिहून ठेवले असेल तेवढेच पुढे टिकते.

आपल्या घरच्या कट्यारींवर सोन्याची अक्षरे नाहीत. ती शिलेदारांची, शिपायांची, पाटलांची हत्यारे. त्यांची नावे फक्त आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी आहेत. म्हणून माझी पहिली विनंती अशी की एक कागद घ्या. त्यावर हत्यार कोणाचे, कोणाकडून आले, आपले कुळ कुठून कधी इथे आले, दसऱ्याला त्याची पूजा कशी होते, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहा. खाली तारीख घाला, सही घ्या. लांबी-रुंदी मोजा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कागद हत्याराजवळ ठेवा, पण हत्याराला चिकटवू नका.

दुसरी विनंती दसऱ्याच्या पूजेबद्दल. आपण भक्तीने शस्त्रे लखलखीत करतो. चिंच, लिंबू, राख, कधी सॅंडपेपर, हल्ली टूथपेस्टही. पितळेच्या समईला चिंच चालते. कोफ्तगरीला चालत नाही. मिलिमीटरच्या विसाव्या भागातली चांदी दरवर्षी थोडी थोडी घासली जाते आणि वीस दसऱ्यांत वेल पुसट होते. सॅंडपेपरने पात्याचा जौहर एका दिवसात जातो. लिंबाचे आम्ल पोलादाला खाते. ओले कुंकू वाळले की त्याखाली गंजाचा ठिपका उठतो. गरम पाण्याने धुतले किंवा उन्हात वाळवले तर मुठीतली लाख सैल होते.

मग पूजा करायची नाही का? जरूर करायची. शस्त्र तांदळाच्या राशीवर स्वच्छ कापडावर ठेवा. समोर विड्याचे पान ठेवून हळद-कुंकू, अक्षता त्या पानावर वाहा. फूल शेजारी ठेवा. कोणत्याही वडीलधाऱ्या गुरुजींना विचारा, याने पूजेत उणे येत नाही. पूजा झाली की कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, कारण हाताच्या घामातले मीठही गंज धरवते. पाते नुसते पोलादाचे असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन हलकेच फिरवा आणि जादा तेल टिपून घ्या. पावसाळ्यात पाते म्यानात ठेवू नका. लाकूड आणि चामडे ओल धरतात. पाते वेगळे, म्यान वेगळे, दोन्ही सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा. चांदी काळी पडली तर घाबरू नका. हवेतल्या गंधकामुळे तसे होते आणि तो काळेपणा चांदीला खाऊन टाकत नाही. नक्षीच्या खोलात तो थोडा राहिला तर नक्षी उलट जास्त उठून दिसते.

विकण्या-घेण्याबद्दलही थोडे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात खंजीर-तलवारीही शस्त्रांतच मोजल्या जातात, म्हणून त्या मिरवणुकीत नाचवू नका, आणि घरी ठेवण्याबाबत शंका असेल तर आधी थान्यात विचारून घ्या. बाजारात जुनी म्हणून नवी हत्यारेही पुष्कळ मिळतात. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त, त्यात चांदीचा कणही नसतो. विजेच्या मुलाम्याची कला १८४० च्या सुमारास इंग्लंडात आली. त्यामुळे गुळगुळीत, एकसारखा मुलामा असलेली आणि खाली छिन्नीची एकही रेघ नसलेली मूठ शिवकालीन म्हणून कोणी दाखवली तर हसून पुढे जा. मुलांना अस्सल काम दाखवायचे असेल तर नागपूरला न्या. १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, इथून एका दिवसात पाहून होते.

शेवटचे मागणे मंडळाकडे. आपल्या मंडळाने एक वही घालावी. ज्या घरी असे हत्यार आहे आणि ज्यांची इच्छा आहे त्यांनी आपली नोंद त्यात करावी. ज्यांना नाव उघड करायचे नाही त्यांनी नुसते वर्णन द्यावे. वस्तू ज्याची त्याच्या घरी, नोंद मात्र सर्वांची. दसऱ्याला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्या वेळात प्रत्येक घरी एक कागद सहज लिहून होईल.

रघूजी राजांचे नाव पोलादावर सोन्याने कोरलेले होते. आपल्या पूर्वजांचे नाव आपण कागदावर शाईने लिहू. आजी ते सांगणाऱ्या आहेत तोवर एवढे करू.

गणपती बाप्पा मोरया!